रुचिकाच्या हातातली बाधा

आंधळगावातल्या खेमराजच्या ओसरीत मुंगी शिरायला जागा नव्हती. अर्धी विणकर आळी तिथे लोटली होती, कारण धागा तोडणाऱ्या शिलाई मशीनचं भूत मठातले डोमा महाराज आज उतरवणार होते. सुशीलाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. पण खेमराजची बायको रुचिका त्यांच्याच शिवणवर्गात शिकलेली, म्हणून त्या हातातलं काम टाकून आल्या आणि गर्दीत मागे उभ्या राहिल्या.

"मशीन बिचारी साफ आहे," महाराजांनी डोळे गरगर फिरवले. "बाधा सुनेच्या हातात! बस वो पोरी, पायडल मार."

महाराजांनी उजव्या हाताने मोरपीस झुलवलं, डाव्या हाताने मशीनच्या तोंडाला अंगारा फासला. रुचिकाने पायडल मारलं आणि धागा तटकन तुटला. मग सासू विजयमाला बसली. पुन्हा मोरपीस, पुन्हा अंगारा, आणि शिलाई सुतासारखी सरळ! तीनदा हेच झालं. बाया कानाला हात लावू लागल्या.

"सून बसली का तुटते, सासू बसली का चालते! हिचा हात शुद्ध करा. मंग मशीन मठात पोचवा अन् हिले माहेरी. नाही तं तुमचा माग बी बंद पडन!"

सगळे मोरपिसाकडे पाहत होते, सुशीलाबाई महाराजांच्या डाव्या अंगठ्याकडे. खात्री करून मगच बोलावं म्हणून त्या थांबल्या. ते थांबणं त्यांना जन्मभर डाचणार होतं. तेवढ्यात खेमराजने स्वतः बायकोचं मनगट धरलं आणि महाराजांनी तिच्या तळव्यावर कापूर पेटवला. रुचिकाच्या किंकाळीने ओसरी हादरली.

गर्दी रेटत सुशीलाबाई पुढे आल्या, त्यांनी तिचा हात पाण्यात बुडवला. मग अंगारा घेऊन मशीनच्या तोंडाला फासला.

"विजयमाला, बस आता."

धागा तटकन तुटला.

"बाधा सासूले लागली! आणा कापूर!" सुशीलाबाई गर्दीकडे वळून म्हणाल्या.

कुणी हललं नाही. विजयमालाने हात पदराखाली लपवला.

"हा टेन्शनचा पेच," सुशीलाबाईंनी मशीनच्या तोंडावरच्या पेचावर बोट ठेवलं. "आवळला का धागा तुटते, सैल केला का चालते. अंगारा लावता लावता महाराज हाच फिरवत होते, आता म्या बी तेच केलं. खेमराज, मागावर सुताची तार तुटली तं तू काय पाह्यतेस?"

"ताण," खेमराज पुटपुटला.

"मंग इथं भूत काहून पाह्यलं?"

महाराज मागच्या दाराने केव्हाच पसार झाले होते. खेमराज मलम घेऊन बायकोजवळ बसला. "चुकलं माह्यं."

रुचिकाने हात मागे घेतला. "नवा जाड धागा लावला तवाच म्या म्हटलं होतं, पेच सैल करावा लागते. तुम्ही मले मशीनले हात लावू देला नाही."

लोक खाली माना घालून निघू लागले. सुशीलाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "ऐकून जा. घरात काही बिघडलं तं आधी ते उघडून पाहा. जिले त्यातलं समजते तिले विचारा. ह्या पोरीले विचारलं असतं, तं आज तिचा हात भाजला नसता."