खाते वाढवले

“माणसाच्या नावापुढे वाईट शब्द लिहायचा नाही बघ. उद्या त्याच्या घरच्या कुणी वाचला तर काय वाटेल?”

आत्याबाईंचं हे सांगणं वहिनींच्या कानात कायमचं घर करून होतं. आत्याबाई म्हणजे कचेरीत नोकरांची नोंद ठेवण्याचं काम वहिनींच्या आधी करणाऱ्या बाई. त्या तिथं कुणाच्या आत्या नव्हत्या, आणि वहिनीही कुणाच्या वहिनी नव्हत्या. पण एकदा चिकटलेलं नातं कचेरीत कोण सोडवत बसतो?

आता घरात बांगडी फुटली तर ती फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. रात्री दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. त्याच चालीवर आत्याबाईंनी शिकवलं होतं, की कुणी नोकरी सोडली, कुणी निवृत्त झालं, की नावापुढे सरळ ‘खाते वाढवले’ लिहायचं. पुढे वह्या गेल्या आणि एचआरची सिस्टिम आली. तिच्यात प्रत्येक नावाशेजारी एक चौकट होती आणि तिच्यात निवडायला तीन शब्द होते: कार्यरत, बंद, समाप्त. ‘समाप्त’ वाचल्यावर वहिनींनी माउसवरचा हात असा काढून घेतला जणू तवाच होता तो. त्या चौकटीच्या वाटेला त्या पुन्हा गेल्या नाहीत. सगळे कार्यरतच राहिले, आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात वहिनी आपल्या शांतपणे ‘खाते वाढवले’ लिहीत राहिल्या. वर्षानुवर्षं कुणाचं काही बिघडलं नाही.

मग एक दिवस मोठे साहेब एका चष्मेवाल्या गृहस्थाला घेऊन आले.

“वहिनी, हे आपल्या दोन सिस्टिम जोडणार. एक तुमची एचआरची. दुसरी ती अ‍ॅक्सेसची, कुणाच्या कार्डानं कुठलं दार उघडायचं, कुणाला कशाचा अधिकार, ते ठरवणारी.”

“म्हणजे सोयरीक जुळवायला आलात म्हणा ना,” वहिनी म्हणाल्या.

“तसंच समजा,” गृहस्थ हसले. “तुमची सांगणार माणूस आहे की नाही, आमची त्यावरून दार उघडणार.”

“आणि दोघींचं पटलं नाही तर?”

“पटवून द्यायला मी आहे ना.”

“सगळे मध्यस्थ असंच म्हणतात,” साहेब म्हणाले, “आणि पंगत उठायच्या आत पसार होतात.”

त्या दिवसापासून गृहस्थांचं नाव जोडणीवाले पडलं.

ही बातमी मामांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. मामा फाटकावरचे जुने दरवान. निवृत्त झाले होते, पण रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, जुनं कार्ड मशीनला दाखवून आत यायचे आणि जिन्याखालच्या बाकावर बसायचे. घरी मामींनी सांगूनच टाकलं होतं, “कचेरीच्या वेळात तुम्ही माझ्या ओट्याच्या आसपास दिसायचं नाही.” त्यामुळं त्यांचंही बरं चाललं होतं आणि मामींचंही.

मामा वहिनींच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “वहिनी, ही जोडणी झाली की माझं कार्ड बंद म्हणे.”

“होईल मामा कधीतरी.”

“होऊ दे. मी काही कचेरी लिहून घेतली नाही. पण त्या फाटकावर मी जन्मभर लोकांना अडवलंय. तिथंच चार माणसांत त्या डबडीनं माझ्यावर लाल डोळे वटारायचे आणि कुईं करायचं, हे मला नाही सोसायचं. मी आपला तिथल्या तिथं खाली बसेन.”

वहिनींना ते चित्र डोळ्यापुढे दिसलं. “तसं नाही होणार. तुमचं कार्ड चालायचं थांबलं, की तुम्ही फाटकावर यायच्या आत मी स्वतः घरी येऊन सांगेन.”

“शब्द?”

“शब्द.”

मामा बाकावर परत गेले.

दुसऱ्या दिवशी जोडणीवाल्यांनी एचआरची सिस्टिम उघडली आणि डोकं धरलं. कचेरी सुरू झाल्यापासून इथं आलेला प्रत्येक माणूस कार्यरत होता. चौकट काही कामाची नाही म्हणून त्यांनी शेऱ्याचा रकाना वाचायला घेतला. तिथं ओळीनं ‘खाते वाढवले’, ‘खाते वाढवले’. ते वहिनींकडे आले. ती वेळ नेमकी वहिनींच्या मौनाची होती. सकाळचा चहा येईपर्यंत त्या बोलत नसत. तो त्यांचा रोजचा नेम होता.

“वहिनी, हे ‘वाढवले’ म्हणजे वाढवलेच ना?”

आता हाही काय प्रश्न झाला, असं वहिनींना वाटलं. वाढवले म्हणजे वाढवलेच. त्यांनी मान हलवली.

जोडणीवाल्यांनी जाऊन नियम लिहिला: ‘खाते वाढवले’ दिसेल त्याचा अधिकार एका पायरीने वाढवावा. सिस्टिम आज्ञाधारक होती. ती रोज रात्री रकाना वाचायची आणि रोज एक पायरी वाढवायची.

सोडून गेलेली माणसं आपापल्या घरी होती. त्यांना याचा पत्ता नव्हता. मामा मात्र रोज येत होते. पहिल्या दिवशी त्यांनी सहज कार्ड लावलं तर कागदांच्या कोठीचं दार उघडलं. मग हिशेबनिसांची खोली उघडली. मग ती थंडगार खोली, जिथं संगणकांची कपाटं घूं घूं करतात. तिथं मामांनी दुपारची झोप काढली आणि उठल्यावर सर्दी झाली म्हणून तक्रार केली.

“मामा, तुम्ही इथं कसे?” कुणी विचारलं की ते कार्ड दाखवायचे. हिरवा दिवा. हिरव्या दिव्यापुढे कोण काय बोलणार?

मामा वहिनींना म्हणाले, “तुम्ही उगीच घाबरवलंत. कार्ड बंद कसलं, माझी तर बढती चाललीय.”

वहिनींनाही वाटलं, साहेबांना सद्‌बुद्धी झाली असेल. त्यांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

शेवटच्या पायरीवर मामांच्या वाट्याला कचेरीतल्या सगळ्यांच्या रजा मंजूर करण्याचा अधिकार आला. रिकाम्या टेबलावरच्या संगणकाला कार्ड लावून ते एका बोटानं हिरवं बटण दाबू लागले. कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, कुणाला नुसताच कंटाळा. मामा सगळ्यांना दिलदार. कचेरी निम्मी ओस पडली. फक्त एक अर्ज त्यांनी परत पाठवला. वर लिहिलं, “कामं पडलीत. तुम्हीच गेलात तर कसं व्हायचं? नंतर बघू.”

तो अर्ज मोठ्या साहेबांचा होता.

साहेबांनी जोडणीवाल्यांना आणि वहिनींना एकदमच बोलावलं.

“निवृत्त दरवान माझी रजा नाकारतो. का?”

“त्यांचं खातं वाढवलंय साहेब,” जोडणीवाले म्हणाले. “वहिनींनीच.”

“अहो, वाढवलंय म्हणूनच तर ते निवृत्त,” वहिनी म्हणाल्या.

“वाढवलंय तर निवृत्त कसे?”

“निवृत्त झाले म्हणूनच वाढवलं ना.”

“थांबा.” जोडणीवाल्यांनी चष्मा काढला. “वाढवले म्हणजे… बंद?”

“तो शब्द कशाला काढता? वाढवले.”

“मी विचारलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत.”

“हलवली. वाढवले म्हणजे वाढवलेच ना, असं विचारलंत. खोटं कसं सांगू?”

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, “उद्यापर्यंत उलटं करा.”

बाहेर आल्यावर वहिनींनी जोडणीवाल्यांना गाठलं. “बाकीचं काही करा. पण मामांचं करायच्या आधी मला सांगा. मी त्यांना शब्द दिलाय.”

“सांगतो,” ते म्हणाले. त्यांच्या मनातही तसंच होतं. पण साहेबांच्या बोलण्यानं ते इतके वरमले होते, की संध्याकाळी त्यांनी नियम उलटा केला तो एकदम घट्ट: वाढवले, वाढवला, वाढवली, शेऱ्यात काहीही असो, दार बंद. एकही जण निसटायला नको. त्या भरात मामा त्यांच्या डोक्यातून साफ गेले.

सकाळी वहिनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आल्या, कार्ड दाखवून आत गेल्या आणि टेबल पुसून मौन धरून बसल्या. बराच वेळ कुणीच येईना. त्यांनी फाटकातल्या काचेच्या दारातून डोकावलं. बाहेर रजेवर नसलेली सगळी कचेरी उभी होती. प्रत्येक जण कार्ड लावत होता आणि मशीन प्रत्येकावर लाल डोळे वटारत होतं. ज्याचा ज्याचा ‘पगार वाढवला’ होता, तो तो बाहेर. सर्वांत पुढे काचेला नाक लावून मोठे साहेब, आणि त्यांच्या शेजारी जोडणीवाले. त्यांच्या कामाची ‘मुदत वाढवली’ असं वहिनींनीच परवा लिहिलं होतं. आपल्याच नियमानं ते आपल्याच सिस्टिममधून हद्दपार झाले होते.

“वहिनी, तुमचं कार्ड कसं चाललं?” साहेब काचेबाहेरून ओरडले.

चहावाला बाहेरच अडकला होता, म्हणजे मौन सुटायचं नाव नव्हतं. वहिनींनी कागदावर लिहून काचेला लावलं: ‘माझा पगार कधी वाढवला नाही.’

साहेब बुटांकडे बघू लागले.

“तुम्हीच आता वाचवा,” जोडणीवाले म्हणाले. “पगाराच्या शेऱ्यातला तो शब्द काढा. दुसरा कुठलाही घाला.”

वहिनी टेबलाशी गेल्या आणि पगाराच्या प्रत्येक शेऱ्यात ‘वाढवला’ पुसून ‘चढवला’ लिहीत बसल्या. जोडणीवाल्यांची मुदत त्यांनी ‘लांबवली’. सिस्टिमचं रात्रीचं रकाना वाचणं आत्ताच कसं सुरू करायचं ते काचेबाहेरून खुणांनी समजावताना जोडणीवाल्यांनी असे काही हातवारे केले, की कोपऱ्यातल्या लोकांना वाटलं, माणसाला झटका आला. अखेर दिवा हिरवा झाला आणि कचेरी आत आली. पाठोपाठ चहा आला. वहिनींनी पहिला घोट घेतला आणि मौन सोडलं.

“आता सोडून गेलेल्यांसाठी एक पक्का शब्द ठरवा,” जोडणीवाले काकुळतीनं म्हणाले. “ज्याचे दोन अर्थ होत नाहीत असा.”

वहिनींनी विचार केला. “‘येतो म्हणाले’ असं लिहू?”

“म्हणजे हे आलेत की गेलेत?”

“गेलेत हो. घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणतं का? ‘येतो’च म्हणतात.”

जोडणीवाल्यांनी डोळे मिटले, मनात काहीतरी म्हटलं आणि नियम लिहिला: ‘येतो म्हणाले’ म्हणजे गेले. तीनदा वाचून पाहिला आणि मगच जपून ठेवला.

साहेब अवघडून टेबलाशी आले. “वहिनी, तुमच्या पगाराचं… माझ्या लक्षातच आलं नाही. या महिन्यापासून आपण तो वाढ—”

“वाढवू नका हो,” वहिनी घाईनं म्हणाल्या. “चढवा.”

सगळे हसत पांगले, आणि तेव्हा कुठं वहिनींचं लक्ष जिन्याखाली गेलं. बाक रिकामा होता.

“मामा कुठायत?”

“काल म्हणत होते ना, मामींबरोबर मेहुणीकडे जाणार म्हणून,” कुणी तरी सांगितलं. “संध्याकाळपर्यंत येतील परत.”

वहिनी जोडणीवाल्यांकडे वळल्या. त्यांनी जीभ चावली. “काल रात्रीच… त्यांचंही झालं. मी सांगायचं विसरलो. वहिनी, माझं चुकलं. मीच फोन करून टाकू?”

“नको. घरी येऊन सांगेन म्हटलंय.”

“गुपचूप परत चालू करून देऊ? कुणाला कळणार नाही.”

वहिनींनी क्षणभर तेही मनात घोळवून पाहिलं. “आज तुम्ही कराल. उद्या दुसरं कुणी येऊन बंद करील आणि तेच फाटकावर होईल.”

दिवसभर त्या काम करत राहिल्या, पण मन उद्या सकाळच्या फाटकावर होतं. इस्त्रीचा सदरा, पुढे केलेलं कार्ड, मागे रांग. काय बोलायचं ते त्यांनी मनात पुष्कळदा जुळवलं आणि पुष्कळदा मोडलं. साहेबांना विचारून एवढं मात्र त्यांनी करून घेतलं, की मामा आले की पाहुण्यांच्या वहीत सही करून बसतील, त्यांना कुणी अडवायचं नाही. पण वहीतली सही म्हणजे कार्डाचा हिरवा दिवा नव्हे, आणि मामांना फरक कळणार होता.

संध्याकाळी सगळे गेल्यावर वहिनींनी टेबल आवरलं, पिशवी खांद्याला लावली आणि दिवे घालवले. जोडणीवाल्यांनी “मी येऊ का सोबत?” असं विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवून नको म्हटलं. फाटकाबाहेर आल्यावर त्या रोजच्या वाटेनं, म्हणजे घराकडे, वळल्या नाहीत. पदर सावरून त्या मामांच्या गल्लीकडे चालू लागल्या.