शांत खोली

"पालकांनी आता निघायचं," असं बालवाडीच्या मोठ्या बाई दुसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा मुंगसाच्या आईनं पायातले बूट काढले, बाकाखाली जोडून ठेवले आणि बाकावर सरळ मांडी घातली.

बाक मुलांचा होता, बुटका आणि अरुंद. तिचे दोन्ही गुडघे हवेत राहिले. पण बसली ती बसलीच.

"मी थांबते," ती म्हणाली. "आत येणार नाही. इथंच बसते."

"आमच्याकडे तशी पद्धत नाही."

"माझ्याकडेही मूल सोडून जायची पद्धत नाही, बाई. पहिलीच वेळ आहे."

मोठ्या बाईंनी ओठ आवळले. दुसरं कोणी असतं तर त्यांनी फाटक दाखवलं असतं. पण हिची नणंद नर्स होती, आणि बाईंच्या अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं तिनं शेवटपर्यंत केलं होतं. त्याच नणंदेनं, ताईंनी, शब्द टाकला म्हणून मुंगसाला या बालवाडीत जागा मिळत होती. इथं मूल रांगायला लागायच्या आधीच लोक नाव घालून ठेवायचे.

"आजच्या दिवस," मोठ्या बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मुंगसाचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते कोणी घेत नसे. रांगायला लागल्यापासून कपाटाखाली, बुटात, गादीच्या फटीत, दिसेल त्या भोकात नाक खुपसायचा म्हणून आजोबांनी त्याचं मुंगूस केलं आणि ते चिकटलं. वर्गाच्या दाराच्या अर्ध्या काचेतून ती त्याच्याकडे बघत होती. त्यानं ठोकळ्यांची पेटी आडवी पाडली होती आणि कमरेपर्यंत आत शिरला होता. आपण कुठं आहोत, आई कुठं आहे, कशाचं काही नाही. तिला हायसं वाटलं. मनाला थोडं लागलंही.

या बालवाडीचं कौतुक सगळे एकाच गोष्टीसाठी करायचे. एवढी मुलं, पण आवाज म्हणून नाही. आणि खरंच नव्हता. ती काम करायची त्या चष्म्याच्या कारखान्यात काचा घासणारी यंत्रं दिवसभर करवादायची. संध्याकाळी घरी गेल्यावरही तिच्या कानात ती चालूच असायची. इथली शांतता तिला आल्या आल्या आवडली होती.

पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी उशिरा आली. तिची आई ऑफिसच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत होती. तिनं मुलीला दारात उभं केलं, गालाला हात लावला आणि सांगितलं होतं तसं मागं वळून न बघता चालती झाली. मुलीनं भोकाड पसरलं. वर्गातल्या बाई बाहेर आल्या, त्यांनी तिला अलगद उचललं, अगदी मायेनं, आणि बाकाशेजारचं एक लहान दार उघडून आत ठेवलं. दार ओढून घेतलं. वरची कडी लावली.

मुंगसाच्या आईला आधी कळलंच नाही.

"हे काय?"

"शांत खोली," बाई हसून म्हणाल्या. "रडू थांबलं की बाहेर. दोन-तीन दिवसांत सगळी शिकतात."

"काय शिकतात?"

"शांत राहायला," असं म्हणून बाई वर्गात गेल्याही.

दारामागून रडणं येत राहिलं. आधी आईच्या नावानं, मग नुसतंच. मुंगसाच्या आईनं काचेकडे तोंड फिरवलं. आपलं पोर मजेत आहे. ही पोर आपली नाही. तिला आईबाप आहेत, त्यांना माहीत असणार. ताईंनी एवढा शब्द टाकलाय. असं सगळं तिनं स्वतःला नीट समजावलं. जरा बाहेर जाऊन येऊ, अंगणात ऐकू येणार नाही, म्हणून तिनं बूट ओढले. एक पायात घातला.

तेवढ्यात रडणं थांबलं.

ती दुसरा बूट हातात धरून वाट बघत राहिली. थांबलं की बाहेर, असं बाई म्हणाल्या होत्या. कोणी आलं नाही. रडणं वर्गापर्यंत पोचत असेल, पण थांबलेलं रडणं कोणाला ऐकू जाणार?

तिनं उठून कडी काढली.

आत खिडकी नव्हती. एक पिवळा दिवा आणि भिंतीला गुंडाळून उभ्या केलेल्या सतरंज्या. मुलगी दाराकडे पाठ करून सतरंज्यांमध्ये तोंड खुपसून उभी होती. पायाशी ओलं झालं होतं. रडू थांबलं नव्हतंच. तिनं दोन्ही मुठी तोंडात कोंबल्या होत्या आणि पाठ नुसती हलत होती.

मुंगसाच्या आईनं तिला उचललं. ओली, जड, गरम पोर. पोरीनं तिच्याकडे बघितलंही नाही, सरळ मानेत तोंड घातलं.

मोठ्या बाई आल्या तेव्हा ती एका पायात बूट घालून, परकी मुलगी कडेवर घेऊन उभी होती.

"तिला खाली ठेवा."

"ओली आहे. कपडे कुठं आहेत हिचे?"

"हे बघा," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा मुलगा किती छान रमलाय. अशी मुलं आम्हाला हवीच असतात. तुम्ही तिला माझ्याकडे द्या, बाकावर बसा, आपण हा विषय इथंच सोडू. तुमच्या ताईंच्या कानावरही घालणार नाही मी."

क्षणभर तिला वाटलं, द्यावी. बाई काही वाईट बोलत नव्हत्या. काचेपलीकडे मुंगूस ठोकळ्यांचा मनोरा रचत होता, जीभ बाहेर काढून.

"हिच्या आईला बोलवा," ती म्हणाली. "तिच्याच हातात देईन."

"तुम्ही कोण लागता तिच्या?"

"कोणी नाही."

आणि तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

मुलीची आई धापा टाकत आली. मुंगसाच्या आईनं काय झालं ते सांगितलं. थोडक्यात, जसं घडलं तसं. ती बाई ऐकत होती, पण तिचा चेहरा मोकळा व्हायच्या ऐवजी घट्ट होत गेला.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" ती एकदम म्हणाली. "नाही, तुम्हाला कोणी विचारलं होतं? किती दिवस थांबलेय मी या जागेसाठी. मला घरी बसता येत नाही. माझ्या मुलीला सवय लागायला नको? परत हात लावू नका तिला."

तिनं मुलीला ओढून घेतलं. इस्त्रीच्या कपड्यांवर ओला डाग उमटला. त्याकडे तिनं बघितलं आणि तिथंच रुमालानं घासायला लागली. मुलगी आता अजिबात रडत नव्हती.

मुंगसाच्या आईनं दुसरा बूट घातला, वर्गाचं दार उघडलं आणि आपल्या पोराला ठोकळ्यांतून बाहेर काढलं. त्या सबंध सकाळी न रडलेला मुंगूस तेव्हा मात्र असा काही ओरडला की सगळ्या वर्गाच्या माना वळल्या. त्याला तिथंच राहायचं होतं. फाटकापर्यंत तो तिच्या खांद्यावर बुक्क्या मारत होता.

संध्याकाळी नवरा बस डेपोत लावून घरी आला. सगळं ऐकून घेतलं. मोजे काढता काढता थांबला.

"आपला रडत होता का?"

"नाही. रमला होता."

"मग?"

मुंगूस फ्रीजखाली पट्टी घालून काहीतरी काढायच्या खटपटीत होता. नवरा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला.

"ताईला काय सांगायचं?" तो शेवटी म्हणाला. तो तसा धीराचा माणूस होता. भर गर्दीत बस बंद पडली तरी त्याचा आवाज चढायचा नाही. पण थोरल्या बहिणीपुढं त्याचं मांजर व्हायचं.

सांगायची वेळ आलीच नाही. ड्युटी संपवून ताई तशीच युनिफॉर्मवर दारात उभी राहिली.

"माझं नाक कापलंस," ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली. "त्या म्हातारीची पाठ पुसलीय मी महिनोन् महिने. कधी काही मागितलं नाही. एकदाच मागितलं, तेही भाच्यासाठी."

"ताई, त्या पोरीला कोंडलं होतं."

"कोंडलं काय गं? जरा वेळ बाजूला बसवतात. माझी दोघं तिथंच शिकली. थोरली बघ, कुठल्या कुठं पोचली. आणि धाकटा तर इतका शांत की घरात आहे की नाही—"

ती मध्येच थांबली. मुंगसाच्या आईनं पाण्याचा पेला पुढं केला. ताईनं तो घेतला, प्यायली नाही.

"बाहेरून कडी होती?"

"हो. वर."

"वर म्हणजे?"

तिनं हात उंच करून दाखवलं. ताई त्या हाताकडे बघत राहिली.

"धाकटा अजून न्हाणीघराचं दार लावत नाही," ती म्हणाली. "कॉलेजात जातो. एवढा घोडा झाला. मी रोज ओरडते त्याच्यावर."

फ्रीजखालून खडखडाट झाला. मुंगसाच्या हाती बाटलीचं झाकण लागलं होतं. ते घेऊन तो आत्याकडे आला. ताईनं पेला खाली ठेवला, झाकण घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"सकाळी माझ्याबरोबर चल," ती भावजयीला म्हणाली. "बाईंना भेटू."

"ताई," नवरा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच नवा वाटला असावा, कारण त्यानं घसा खाकरला. "जागा परत मिळत असली तरी नको. डेपोमागं एक बालवाडी आहे. गोंगाट असतो, रस्त्यापर्यंत ऐकू येतो. आमच्या कंडक्टरची पोर जाते तिथं. उद्या मी घेऊन जातो याला."

ताईनं भावाकडे बघितलं. ती भडकेल असं दोघांनाही वाटलं. पण ती चप्पल घालून निघून गेली.

सकाळी नवरा मुंगसाला घेऊन डेपोच्या दिशेनं गेला आणि या दोघी बालवाडीकडे. वाटेत ताई दोन पावलं पुढंच चालत होती. माफी मागायला लावणार, असं मुंगसाच्या आईनं धरून ठेवलं होतं, आणि मागायची नाही हेही. तिनं मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती.

मोठ्या बाई दारातच भेटल्या. ताईला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या, ताई. मला वाटलंच होतं तुम्ही याल. होतं असं कधी कधी, नव्या आयांना कळत नाही. काही बिघडलेलं नाही अजून."

"खोली कुठली?" ताईनं विचारलं.

"कुठली?"

ताईला उत्तर नको होतं. तिनं बाकाजवळचं दार बघितलं, वरची कडी बघितली, ती काढली आणि वाकून आत गेली. दार तिच्या उंचीला पुरत नव्हतं. आत गेल्यावर ती वळली. दिव्याच्या पिवळ्या उजेडात तिचा पांढरा युनिफॉर्म मळकट दिसत होता.

"लावा कडी," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही तरी असं—"

"लावा."

"अहो, हे मोठ्या माणसांसाठी नाही."

"माझ्या पोरासाठी होतं ना?"

तिनं स्वतःच आतून दार ओढून घेतलं. कॉरिडॉरमध्ये त्या दोघीच उरल्या. वर्गात मुलं गप्प होती. मोठ्या बाईंनी मुंगसाच्या आईकडे बघितलं, काहीतरी बोलेल म्हणून. तिनं जुळवून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही काढलं नाही.

"लावताय ना?" आतून आवाज आला. "मी थांबलेय."

मोठ्या बाईंचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.