बोका आणि तीन कारखाने

“कुत्रा आत नेता येणार नाही,” फाटकावरचा वॉचमन म्हणाला.

“आत जायचंच नाहीये आम्हाला.”

“मग काम काय आहे?”

ड्रायव्हरने व्हॅनचं मागचं दार उघडलं. “वास घ्यायचाय. जरा वेळ इथे उभे राहतो आणि जातो.”

वॉचमनने त्याला नीट न्याहाळलं. माणूस साठी उलटलेला, कपडे स्वच्छ, प्यालेलाही वाटत नव्हता. “घ्या की,” तो म्हणाला. “वासाला काही तिकीट नाही.”

ड्रायव्हरने कुत्र्याला पोटाखाली हात घालून खाली उतरवलं. कुत्र्याच्या बरगड्या दिसत होत्या. त्याचं नाव बोका. पिल्लू असताना तो खिडकीच्या कट्ट्यावर मुटकुळं करून झोपायचा, म्हणून बायकोने चेष्टेत ठेवलेलं नाव, ते पुढे तसंच राहिलं.

बोक्याने नाक वर केलं. चॉकलेटच्या कारखान्याच्या धुराड्यातून भाजलेल्या कोकोचा कडसर वास येत होता आणि त्याच्या पाठोपाठ तापल्या दुधाचा, साखरेचा. बोक्याचे कान उभे राहिले. तो लटपटत फाटकाजवळ गेला आणि पुढचे पाय जुळवून, तोंड आतल्या बाजूला करून बसला.

“कोणाची वाट बघतोय?” वॉचमनने विचारलं.

“माझ्या बायकोची. ती गेली.”

कुठे, असं विचारता विचारता वॉचमन थांबला. त्याने बसायची खुर्ची ड्रायव्हरच्या पुढ्यात सरकवली.

बायको अशाच एका कारखान्यात पॅकिंगला होती. ड्रायव्हर लांब पल्ल्याच्या ट्रकवर असायचा. महिन्यातले थोडेच दिवस घरी, त्यातले निम्मे झोपेत. तिला सोबत म्हणून बोका आला. रोज सकाळी तो तिच्याबरोबर फाटकापर्यंत जायचा, दिवसभर वॉचमनच्या खोपटात पडून राहायचा आणि संध्याकाळी तिला घेऊन घरी यायचा. पुढे तिचा कारखाना बंद पडला. मशिनं विकली गेली, बायका मिळेल तिथे पांगल्या. ती घरीच राहिली, कारण तोवर तिच्या दुखण्याने घर धरलं होतं. पण तो वास तिच्या एप्रनात, स्वेटरात, उशीत इतका मुरलेला होता की ती गेल्यावरही बोका त्या उशीला नाक लावून झोपायचा.

मग लेक चार दिवस राहायला आली. बाबांच्या मागे व्याप नको म्हणून तिने एप्रन, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं धुऊन काढलं, फिनेल टाकून फरशी पुसली. अगदी चांगल्या मनाने केलं. ती सासरी परतली आणि बोक्याने अन्न सोडलं. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, “आजार काही नाही याला. मनाने घेतलंय.” ड्रायव्हरने दुकानातून चॉकलेटची वडी आणून, कागद सोडून त्याच्यापासून लांब धरून पाहिली. पण कागदातल्या चॉकलेटला कारखान्याचा वास नसतो. बोक्याने मान वळवली. तेव्हा ड्रायव्हरने जुनी व्हॅन बाहेर काढली.

आणि आज, वॉचमनच्या खुर्चीच्या सावलीत, बोक्याने दुधात भिजवलेला पाव खाल्ला. आधी नुसती जीभ लावली, मग भांडं चाटून पुसून ठेवलं. ड्रायव्हर तेवढ्या वेळात व्हॅनच्या चाकांतली हवा बघत होता. हवा ठीक होती, तरी बघत राहिला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

“बाबा, जेवलात का?”

“बोका जेवला.”

“मी तुमचं विचारतेय.”

“जेवेन. उद्या अजून एक कारखाना बघतो. जवळच आहे.”

जवळ नव्हता, आणि हे लेकीलाही ठाऊक होतं. “तो आईला शोधतोय, बाबा. तुम्ही त्याला खोट्या आशेला लावताय.”

“आशेवर का होईना, खातोय ना,” ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुसरा कारखाना मोठा होता. समोर काचेचं दुकान, सहलीला आलेल्या मुलांच्या रांगा, गाड्याच गाड्या. पाळी सुटली तशा पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका घोळक्याने बाहेर आल्या. बोका त्यांच्यात शिरला. एकीच्या चपला हुंगल्या, दुसरीच्या एप्रनाची कड हुंगली, तिसरीपुढे उभा राहून तिच्या तोंडाकडे पाहिलं. एक पोरगी दचकली आणि तिने हातातली पर्स त्याच्या तोंडावर मारली. तो केकाटला नाही. बाजूला झाला आणि पुढचीला हुंगायला लागला. शेवटची बाई निघून गेली, फाटक लागलं. बंद फाटकाकडे तो थोडा वेळ बघत राहिला, मग आपणहून परत येऊन व्हॅनखाली आडवा झाला.

दुकानातला एक माणूस हे पाहत होता. तो कागदात चॉकलेटचे तुकडे घेऊन आला. “फुटका माल आहे. घाला त्याला.”

“कुत्र्याला चालत नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “विष आहे त्याला ते.”

“मग इथे कशाला आणलंत?”

माणसाने साधंच विचारलं होतं. ड्रायव्हरने तुकड्यांचा कागद मिटून त्याच्या हातात परत दिला. बोक्याने त्या दिवशी भांड्याकडे पाहिलंही नाही, आणि लेकीचं बोलणं ड्रायव्हरला आता कुठे बोचायला लागलं. बोका थकला होता. आपणच त्याला फाटकाफाटकातून फिरवतोय, आणि तो खाली मान घालून आपलं मन राखतोय, असं ड्रायव्हरच्या मनात आलं.

सकाळी त्याने व्हॅन घराच्या दिशेला वळवली. वाटेत डोंगराच्या अंगाला एक लहानसा कारखाना लागत होता. बायकोच्या कारखान्यातली काही मशिनं तिकडे गेली, असं तिच्याकडून ऐकलेलं होतं. वाटेवरच आहे, बाहेरूनच बघू, बोक्याला उतरवायचं नाही, असं ठरवून त्याने चढ चढून फाटकासमोर गाडी वळवून उताराकडे तोंड करून लावली.

जेवणाची सुट्टी झाली होती. भिंतीच्या सावलीत बायका डबे उघडून बसल्या होत्या. ड्रायव्हर काचेतून बघत होता, तेवढ्यात मागे बोका उठून उभा राहिला आणि भुंकला. बायको गेल्यापासून तो पहिल्यांदाच भुंकला होता.

एक उंच, हाडकुळी बाई हातातला घास तसाच ठेवून उठली. “बोका?” ती म्हणाली. “अरे, बोका ना तू?”

ड्रायव्हरने दार उघडलं. पुढे त्याला काही करावं लागलं नाही. बोका धावत गेला, तिच्या अंगावर पाय टाकून उभा राहिला आणि लहान पोरासारखा कण्हायला लागला. बाई तिथेच मातीत बसली. त्याच्या अंगावरून हात फिरवत तिने ड्रायव्हरकडे पाहिलं.

“भाऊजी ना? फोटोत मिशा होत्या.”

“काढल्या. तुम्ही लंबूताई?”

“तीच म्हणायची तसं.” मग तिने व्हॅनच्या पुढच्या सीटकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. ड्रायव्हरने नकारार्थी मान हलवली. लंबूताईने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ ती बोक्याचे कान कुरवाळत राहिली.

“शेजारी शेजारी उभ्या असायचो आम्ही,” ती म्हणाली. “दिवसभर तुमच्या ट्रकचं चालायचं तिचं. आता घाट उतरला असेल, आता जेवायला थांबला असेल. जोराचा पाऊस आला की तिचे हात चुकायचे, मग मी सावरून घ्यायची.”

“माझा ट्रक?”

“नाहीतर कोणाचा?”

“मला तर ती कधी काही विचारायची नाही.”

“प्रवासाचं विचारलं तर ‘बरा झाला’ एवढंच म्हणतो, म्हणायची. म्हणून आम्हालाच सांगायची.” लंबूताई थोडी हसली. “बडबडी होती हो फार.”

ड्रायव्हर भिंतीला टेकला. घरातली बायको त्याच्या डोळ्यांपुढे होती. ती कमी बोलायची. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, तो झोपला की दार ओढून घ्यायची. बडबडी बायको या बाईला माहीत होती, त्या पांगलेल्या बायकांना माहीत होती. बोक्यालाही माहीत होती.

घंटा झाली. बायका आत निघाल्या. बोका लंबूताईच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला आणि तिथे आपणहून थांबला. ती आत गेली तशी तो वॉचमनच्या स्टुलाखाली शिरला, जागच्या जागी फिरला आणि पंज्यांवर हनुवटी टेकून त्याने डोळे मिटले. कोणी त्याला काही सांगितलं नव्हतं.

पाळी सुटेपर्यंत ड्रायव्हर थांबला. लंबूताई बाहेर आली तेव्हा बोका उठला, तिचे हात हुंगले आणि तिने डब्यात उरवून आणलेला भात त्याने तिच्या पायाशी बसून खाल्ला.

“ठेवता का याला?” ड्रायव्हर म्हणाला.

तिने चमकून पाहिलं. “मी एकटीच असते, मला काही जड नाही. पण तुमच्याकडे मग कोण?”

“माझं काय. मला भूक लागते.”

त्याने व्हॅनमधून बोक्याचं भांडं, गोधडी आणि डॉक्टरने दिलेलं ताकदीचं औषध काढून दिलं. औषध कधी द्यायचं ते दोनदा सांगितलं. बोका रिकामा डबा चाटण्यात गुंतला होता. त्याच्याकडे वाकावं असं ड्रायव्हरला वाटलं, पण तो वाकला नाही. “येतो,” एवढंच लंबूताईला म्हणून तो गाडीत बसला.

इंजिनाचा आवाज झाला तर बोका मागे धावत येईल, हे त्याला कळत होतं. त्याने गियर काढला आणि हँडब्रेक सोडला. व्हॅन उतारावरून आपल्या वजनाने हळूहळू निघाली. बंद इंजिनामुळे ब्रेक दगडासारखा झाला होता, पायाचा सगळा जोर लावावा लागत होता. वळण गेलं, कारखाना दिसेनासा झाला. तरी तो उतार संपेपर्यंत तसाच जात राहिला.