बाळूचा घास

"तुमच्यासंगं संसार केला, म्हणून गंगा घोट्यापुरतीच भेटली मला!" प्रेमला काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीतच नवऱ्यावर कडाडली. समोरून येणारा सांडसुद्धा थबकला.

सकाळी तिचा नवरा बाळू बालाजी घाटाच्या पायऱ्या एकेक करत उतरला, प्रेमला त्याला सोडून पुढं जाईना, आणि दोघांचे पाय पाण्याला लागतात न लागतात तोच विश्वजीत मॅनेजरनं शिट्टी फुंकली, "चला, काशी झाली!" काशी झाली म्हणे! पंचवीस वर्षं बाई गंगेत बुडी मारायची म्हणून झुरत होती.

हा विश्वजीत व्हिडिओ कोचमधनं नऊ दिवसांत अकरा तीर्थं उरकत होता. त्र्याण्णव साल ते, जो तो घाईवर आलेला. वाडीच्या माणसांनी देवापेक्षा त्या शिट्टीवाल्याचंच तोंड जास्त बघितलं.

आणि बाळू पहिल्यापासनं संथ. गावात त्याचं औत सगळ्यांच्या शेवटी सुटायचं. पण त्यानं पेरलं की पीक कसं एका ओळीत उगवायचं! ते कोण मोजतंय? बसमध्ये त्याचं नाव 'मालगाडी' पडलं होतं. आज तर सरपंचानं फर्मानच काढलं, "आता उशीर झाला, तर ह्या जोडप्याला हितनंच रेल्वेत बसवून घरी धाडा." जेवून दोनला बस गयेला निघणार होती. तीनपासून रात्री नऊपर्यंत शहरात मोठ्या गाड्यांना बंदी.

जेवण ढुंढिराजशास्त्र्यांकडं होतं. सात पिढ्या काशीत काढलेलं मराठी घर. शास्त्रीबुवा घरात मराठी बोलत, बाहेर हिंदी आणि रागावले की दोन्ही.

बाळूला बायकोचं बोलणं झोंबलं होतं. त्यानं वरणभाताचे गोळे न चावता ढकलायला सुरुवात केली. तिसऱ्याच घासाला असा ठसका लागला की डोळे पांढरे!

"आवं, दमानं! जीव घालवताय का?" प्रेमलानं पाठ चोळली.

"रोजचंच आहे ह्यांचं," विश्वजीत घड्याळ बघत उठू लागला. "शास्त्रीबुवा, आम्ही निघतो. मालगाडी येईल मागनं."

"बैठो! बसा आधी!" शास्त्रीबुवा गरजले. "शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय ह्या घरच्या पंगतीतून कोणी उठत नाही. आजोबांच्या वेळी एक कलेक्टर दीड तास बसून होता." मग बाळूकडं वळून म्हणाले, "तुम्ही आराम से जेवा हो. जल्दी कसली?"

बाळू बघतच राहिला. सावकाश जेव, असं त्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. म्हंजी आपण चुकत न्हवतो, नुसते आपल्या चालीनं जेवत होतो! काळजावरचा धोंडाच उतरला. तो शीत न् शीत चावून खाऊ लागला. वर ताक मागितलं.

पंगतीनं आधी दात-ओठ खाल्ले. मग बायकांच्या गप्पा सुरू झाल्या, सरपंचानं दुसऱ्यांदा भात घेतला आणि बसल्याबसल्या घोरू लागला. बिचारा सहा दिवसांत नीट जेवला नव्हता की झोपला नव्हता. विश्वजीतनं डाव्या हातानं खिशातनं शिट्टी काढली. शास्त्रीबुवांनी नुसतं बघितलं. शिट्टी परत खिशात गेली.

बाळूनं ढेकर दिली तेव्हा सव्वातीन वाजले होते.

"मेलो!" विश्वजीतनं डोकं धरलं. "आता नऊपर्यंत करायचं काय?"

"काय म्हंजी? गंगा हाय की!" सरपंच आळस देत म्हणाला. सकाळी रेल्वेची भाषा करणारा हाच बाबा! बाहेर पडून त्यानं बाळूला स्वतःच्या हातानं पान खायला दिलं.

सगळी वाडी घाटावर उतरली. बाळू प्रेमलाला म्हणाला, "तू हो पुढं. मी येतो माज्या चालीनं."

ती गेली. डोकं बुडवून पाच बुड्या मारल्या आणि पाण्यातच हमसून हमसून रडली. बाहेर येऊन कोरडं लुगडं नेसली. वर बघते तर बाळू अर्ध्या पायऱ्यांवर निवांत टेकलेला, आणि शेजारी विश्वजीत, पहिल्यांदाच आपणहून खाली बसलेला.

"दमानं या!" तिनं हाक मारली. "तुमच्यासंगं परत बुडी मारते!"

"अगं, कोरडं नेसलीस की!"

"भिजू द्या," प्रेमला म्हणाली आणि पाण्याशेजारी त्याची वाट बघत बसली.