द्वारकाबाईंच्या मूत्रपिंडातला तपकिरी कण

मी एक तपकिरी कण बोलतोय. कसला कण, हे मात्र विचारू नका. ते मलाही नक्की ठाऊक नाही.

माझा जन्म कुरुंद्याच्या द्वारकाबाईंच्या डाव्या मूत्रपिंडातला. तिथल्या पेशी कर्करोगाने बिघडल्या होत्या आणि माझ्यासारखे हजारो कण पोटात घेऊन बसल्या होत्या. १९३७ साली हैदराबादला ते मूत्रपिंडच काढलं. त्याचा एक पातळ काप काचेच्या पट्टीवर चिकटून हिंगोलीच्या डॉक्टर माणिकरावांकडे आला. त्यात मी होतो.

माणिकराव भरपूर शिकलेले आणि तितकेच घाबरट. सूक्ष्मदर्शकातून मला पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मूत्रपिंडाच्या गाठीत असा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. अंगावरच्या काळ्या तिळातून उठणाऱ्या कर्करोगात मात्र तो असतो. तोच इथवर पसरला असेल, तर द्वारकाबाईंचे दिवस थोडे.

दिवस किती उरले, तेवढंच बाईंना कळायला हवं होतं. हळद नऊ महिन्यांची, आणि लागवड तोंडावर आलेली. काढणीला आपण नसणार असू, तर लावायचे कंद, म्हणजे बेणं, जावेला देऊन मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

रंगाचं ऐकून मात्र त्या हसल्या. "डाक्टरसाहेब, हळद हाय ती. तीस वर्सं हळद शिजवायच्या कढईपाशी हुबी हाय मी, आत जाणार न्हाई तर काय? चुना लावून बघा. लाल झालं तर हळद."

नवरा संतराम ओशाळला. माणिकराव हसले नाहीत. आपल्याला तरी कुठं नक्की माहीत आहे, असं पुटपुटत त्यांनी माझ्यावर चुन्याची निवळी सोडली. मी लाल झालो नाही. पण त्यावरून त्यांना सुचलं, की तिळाचा रंग औषधाने उडतो, तेही करून पाहावं. दिवसभर मी त्या औषधात बुडून होतो. निघालो तो तसाच तपकिरी.

"बाई, हळद नाही," ते म्हणाले, "पण तिळाचा रंगही नाही. गाठ मूत्रपिंडाचीच होती, आणि ती निघाली. बहुतेक."

"बहुतेक म्हंजे बेणं कुणाचं?"

माणिकरावांनी माझी काच पेटीत ठेवली. मग म्हणाले, "तुमचं."

तेव्हापासून दर वर्षी नवी हळद घेऊन द्वारकाबाई यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून मला बघून जायच्या. यंदा, १९४८ साली, त्या आल्या नाहीत. माणिकरावांनी मला तीनदा पेटीतून काढलं, तीनदा ठेवलं. शेवटी हळदीची पिशवी घेऊन संतराम एकटाच आला.

"ती न्हाई येत," तो म्हणाला. "हळद शिजून राहिली. कढई सोडवत न्हाई तिला."

माझं नाव अजून कुणाला सापडलेलं नाही. तुम्हाला कुठे दिसलो, तर रंगावरून घाबरू नका. आधी नीट विचारा. आणि द्वारकाबाई, पुढल्या वर्षीही तुम्हाला फुरसत न मिळो.