माझा बडग्या निघाला नाही

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे. आमच्या विदर्भात उंच, सरळ काठाच्या भांड्याला गंज म्हणतात. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे माझं डोकं फिरेल. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं असतं म्हणे. मी आणणार नाही. मी आजही शेगडीवर आहे. माझ्यात या घटकेला पंधरा लिटर दूध तापतं आहे, आणि एकेकाळी मला शहराबाहेर फेकायला निघालेली माणसं माझीच कॉफी पीत समोर बसली आहेत.

माझा जन्म भंडाऱ्याचा, साल एकोणीसशे एकसष्ट. तिथल्या कारागिरांनी मला इतकं ठोकलं की तुमच्यातला कोणी असता तर घर सोडून पळाला असता. आजही माझ्या अंगावरून हात फिरवलात तर ते ठोके मोजता येतील. नागपूरच्या गणपतरावांनी मला दुकानात उलटा करून पाहिला, बोटाने वाजवला आणि खांद्यावर टाकून मोटार स्टँडवर नेला. तिथून आमची स्वारी जुन्या शुक्रवारीतल्या त्यांच्या घरी आली.

घराच्या पुढच्या खोलीत गणपतरावांनी हॉटेल काढलं होतं. हॉटेल म्हणायचं आपलं. तीन टेबलं, चार बाकडी, भिंतीवर घड्याळ, आणि दारात कोळशाची मोठी शेगडी. पाटी नव्हतीच. सकाळी फक्त दोन गोष्टी मिळत. एक, पोहे आणि त्यांच्यावर हरभऱ्याचा लालभडक झणझणीत रस्सा, ज्याला आम्ही तर्री म्हणतो. दुसरी, जायफळ घातलेली दाट दुधाची कॉफी. पोह्यांचा मान कढईचा, तर्रीचा मान पातेल्याचा, आणि कॉफीचा मान माझा. रात्रपाळी संपवून गिरणीचे कामगार केसांत कापूस घेऊनच येत. मास्तर येत, सायकलरिक्षावाले येत. खिसा कितीही हलका असला तरी आमच्याकडे माणसाला पोटभर खाता यायचं, आणि खाऊन झाल्यावर कोणी उठा म्हणायचं नाही.

घड्याळाखालच्या बाकड्याची डावी बाजू वामनरावांची. ते पोस्टातून निवृत्त झालेले, गणपतरावांचे जुने मित्र. सगळ्यांना ऐकू जाईल असं वर्तमानपत्र वाचायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, "वहिनी, आज जायफळ कमी पडलं."

वहिनी म्हणजे प्रयागबाई, गणपतरावांच्या पत्नी. हॉटेल खरं त्यांच्याच हातावर चालायचं. गणपतराव सत्तर साली वारले, तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी शेगडी पेटवली. लोक कुजबुजले. प्रयागबाईंनी मला शेगडीवर ठेवलं आणि कुजबुजणाऱ्यांनाच आधी कॉफी दिली.

आता माझ्या पोटातली गोष्ट. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते, कथलाचा पांढराशुभ्र थर. तो असला की दूध सुखात राहतं. तो गेला आणि आत काही आंबट पडलं, की पदार्थ कळकतो, त्याला विषारी कडवट चव येते आणि माणूस आजारी पडतो. म्हणून प्रयागबाईंचा एक नियम होता. पहाटे दूध ओतण्याआधी त्या माझ्यात वाकून बघायच्या. पांढऱ्या तळाशी आपला चेहरा दिसला तर दूध ओतायच्या. कुठे पिवळी छटा दिसली की मी खाली आणि कवडू कल्हईवाल्याला निरोप. आणि आंबट पदार्थ तर कल्हई असो नसो, माझ्यात कधीच नाही. तेवढी एक गोष्ट सांभाळली तर मी शंभर वर्षं चालेन.

गिरिधरने ती सांभाळली नाही. गिरिधर म्हणजे प्रयागबाईंचा एकुलता मुलगा, वय चोवीस. वाईट नव्हता, पण त्याला हॉटेलची लाज वाटायची. त्र्याहत्तर सालच्या पोळ्याआधी आठ दिवस नरखेडहून संत्र्यांचे बागायतदार त्याला मुलगी द्यायला म्हणून बघायला येणार होते. प्रयागबाई पहाटे त्यांना घ्यायला स्टँडवर गेल्या. घरी एकटा राहिलेला गिरिधर माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "याले असा चमकावतो, पाहुणे पाह्यतच राहतीन."

चिंच, मीठ आणि विटेचा भुगा घेऊन त्याने मला घासलं. बाहेरून घासलं तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मग त्याने हात आत घातला. आतला पांढरा रंग त्याला कळकट वाटला. महिन्यापूर्वीच कवडूने चढवलेली ती कल्हई त्याने काथ्याने खरवडून खरवडून काढली. मी आतबाहेर सोन्यासारखा पिवळा दिसायला लागलो. मला ओरडता येत नाही, नाहीतर त्या दिवशी अख्खी जुनी शुक्रवारी जागी केली असती. त्यानंतर त्याने तर्रीचं काळं पातेलं पडद्यामागे लपवलं आणि चिंच घातलेली ती उकळती तर्री माझ्यात ओतली. का? तर पाहुण्यांना दारातच चमकतं भांडं दिसावं म्हणून!

नरखेडची गाडी उशिरा आली. तोवर नेहमीच्या माणसांचं खाऊन झालं होतं. प्रयागबाई पाहुण्यांना घेऊन गल्लीत शिरल्या तेव्हा ओट्यावर दोघे जण ओकत होते आणि वामनरावांना रिक्षात घालून दवाखान्यात नेत होते. एकूण अकरा माणसं आजारी पडली. पाहुणे उंबऱ्यावरूनच परत गेले.

"काय झालं गा हे?" प्रयागबाईंनी विचारलं.

गिरिधर पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, "गंज जुना झाला, माय. त्याचाच दोष हाये. कल्हई आपोआपच गेली."

आपोआप! बारा वर्षं मी या घराचं दूध तापवलं, एकदा नासू दिलं नाही, आणि पोटच्या पोराची चूक माझ्या बोडक्यावर! प्रयागबाईंनी मला उजेडात नेऊन आत पाहिलं. आत चेहरा नव्हता, नुसता पिवळा धमक तळ होता आणि काथ्याचे ओरखडे होते. त्यांना सगळं समजलं. मी शपथेवर सांगतो, समजलं. पण त्या काही बोलल्या नाहीत. मला धुतलं, आणि घरात न लपवता बाहेर ओट्यावर पालथं घालून ठेवलं.

मुलाने आपल्या तोंडाने कबूल करावं म्हणून त्या थांबल्या होत्या, हे मला नंतर उमगलं. तेव्हा मात्र मी त्यांच्यावरही चिडलो होतो.

हॉटेल त्यांनी बंद केलं नाही. दुसऱ्या भांड्यात कॉफी करून त्या रोज पहाटे दारात बसत. चिटपाखरू येईना. घड्याळाखालचं बाकडं रिकामं, वर्तमानपत्राची घडी तशीच.

आणि त्यातच मारबतीचा दिवस जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, हे तुम्हाला माहीत असेल. काळी मारबत, पिवळी मारबत या बाईच्या रूपातल्या दोन मोठ्या मूर्ती, आणि त्यांच्याबरोबर बडगे. ज्याने लोकांना त्रास दिला त्याचा कागदाचा, बांबूचा पुतळा म्हणजे बडग्या. त्याला गावभर मिरवायचं आणि 'घेऊन जाय गे मारबत' म्हणत रोगराईसकट गावाबाहेर नेऊन जाळायचं. त्या वर्षी आमच्या गल्लीच्या बडग्यासाठी नाव ठरलं, ते माझं! बांबूच्या कामट्यांचा हा एवढा मोठा गंज केला, त्याला दात लावले, आणि गळ्यात पाटी अडकवली, 'अकरा जणांना लोळवणारा'. वरून बेत असा की मला, म्हणजे खऱ्या गंजाला, त्या बडग्याच्या डोक्यावर टोपीसारखं बसवायचं आणि त्याच्याबरोबर फेकून द्यायचं.

मारबतीबरोबर बाहेर गेलेली वस्तू कोणी परत घरात घेत नाही. मी गेलो असतो तर प्रयागबाईंच्या हॉटेलचं नावही गेलं असतं. सबंध शहरात बोभाटा झाल्यावर त्या दारात कोण पाऊल ठेवणार होतं?

मारबतीच्या सकाळी बडग्या बनवणारा रुपराव पाचपन्नास माणसं घेऊन ओट्यापाशी आला. तोही त्या अकरा जणांतला एक.

"मावशी, द्या तो गंज. जाऊ द्या इडापिडेसंगं."

"नाही देत," प्रयागबाई म्हणाल्या.

"काहून? माणसं मरता मरता वाचली ना, मावशी!"

"वाचली म्हणूनच म्हणतो. तो काय म्हणतो ते तर ऐकून घ्या आधी."

लोक हसले. भांडं काय बोलणार? पण प्रयागबाईंनी कवडू कल्हईवाल्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. त्याने गल्लीच्या मधोमध खड्डा करून भट्टी पेटवली, भाता लावला आणि मला उचलून उन्हात धरलं. नखाने माझा तळ खाजवला, बोट नाकाशी नेलं. वीस वर्षं कल्हई केलेला माणूस तो. त्याने गर्दीकडे वळून सांगितलं, "हे कल्हई झिजून नाही गेली, बाप्पा. झिजली असती तं ठिगळं ठिगळं राह्यली असती. हे घासून काढली. चिंच लावून, काथ्यानं. हे पाहा ओरखडे."

प्रयागबाईंनी मुलाकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. गिरिधर दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

त्याच वेळी गर्दीतून वाट काढत वामनराव आले. पार सुकले होते, हातात काठी होती. सरळ आत जाऊन ते आपल्या बाकड्यावर बसले आणि वर्तमानपत्राची घडी उलगडत म्हणाले, "वहिनी, कॉफी पाह्यजे मले. याच गंजातली."

"काका, मरायचं हाये काय?" रुपराव ओरडला.

"बारा वर्षं याच्यातली पेलो, तवा नाही मेलो. गंजानं नाही केलं हे. ज्यानं केलं त्यानं सांगावं न सांगावं. मी तं कॉफी पेऊनच उठीन."

एवढं ऐकलं आणि गिरिधर धाडकन ओट्यावर बसला. तोंड झाकून रडत म्हणाला, "मी घासला, काका. तर्रीबी मीच ओतली. पाहुण्यांपुढे मिरवाचं होतं मले. अन् मंग भेव वाटलं."

कवडूचा भाता तेवढा सूं सूं करत होता. मग गिरिधर उठला, रुपरावच्या हातातला काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश त्याने ओढून घेतला, आणि बडग्याच्या पाटीवर फराटा मारला. खाली स्वतःचं नाव लिहिलं. आत जाऊन पाहुण्यांसाठी शिवलेला नवा कोरा सदरा आणला आणि त्या बांबूच्या गंजाला घातला. हातात काथ्या बांधला.

"गंजाले नका नेऊ," तो म्हणाला. "याले न्या. दोरी मी वढतो."

मित्रांनो, स्वतःचाच बडग्या ओढत निघालेला माणूस नागपूरने त्या दिवशी पाहिला. 'घेऊन जाय गे मारबत' ही सगळ्यात मोठी आरोळी त्याचीच होती. रुपराव त्याच्या खांद्यावर हात टाकून चालत होता. मी खोटं मोठेपण दाखवत नाही, मला फार बरं वाटलं. माझा राग मात्र तेवढ्याने गेला नाही. दोन वर्षं तरी टिकला. आठ दिवस पालथं पडून राहून पाहा म्हणजे कळेल.

मिरवणूक पुढे गेल्यावर कवडूने मला लाल होईपर्यंत तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्याने पुसलं आणि पाण्यात बुडवलं. चर्रर् झालं आणि मी आतून पुन्हा पांढरा झालो. प्रयागबाई माझ्यात वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. एक थेंब खाली पडला, तो त्यांनी पदराने टिपला आणि मगच दूध ओतलं. पहिला गिलास वामनरावांना गेला. त्यांनी घोट घेतला.

"वहिनी, जायफळ कमी पडलं," ते म्हणाले.

नरखेडचे पाहुणे काही पुन्हा आले नाहीत. न येवोत. गिरिधरचं लग्न पुढे मौद्याच्या सुभद्राशी झालं. आता चौऱ्याऐंशी साल आहे. प्रयागबाई थकल्या आहेत, वामनराव नाहीत, आणि घड्याळाखाली दुसरंच कोणी वर्तमानपत्र वाचतं. समोरच्या रस्त्यावर चकचकीत टेबलांची दोन हॉटेलं आली. मध्ये एक गृहस्थ मला विकत मागायला आले होते. दिवाणखान्यात ठेवून माझ्यात कागदाची फुलं लावणार होते. गिरिधर त्यांना म्हणाला, "तो कामावर हाये, साहेब." त्या दिवशी माझा उरलासुरला रागही गेला.

मला दिवाणखाना नको, तुमची हळहळही नको. बाहेरून मला घासा किंवा घासू नका, काळा पडलो तरी माझं काही बिघडत नाही. फक्त रोज पहाटे सुभद्रा करते तेवढं करा. दूध ओतण्याआधी माझ्यात वाकून बघा. तळाशी तुमचा चेहरा स्वच्छ दिसला तर खुशाल ओता. नाही दिसला, तर माझ्याकडे बोट दाखवण्याआधी काथ्या कोणाच्या हातात होता ते आठवा.