तुला कुणी निवडलं?

दात होता तो. आधी वाटलं, कसलं तरी प्लास्टिकचं टोपण असावं. फिक्या हिरव्या फरशीवर, चालण्याच्या वाटेच्या पिवळ्या रेघेला चिकटून, पांढरं, शेंगदाण्याएवढं… मग मुळाशी लागलेलं तांबडं दिसलं, आणि श्रीहरीच्या जिभेने त्याला न विचारता स्वतःच्या दातांवरून एक फेरी मारून घेतली. सगळे जागच्या जागी होते. त्याने वाकून हातमोज्याच्या चिमटीत तो दात उचलला. कोमट लागला — की नुसतं वाटलं तसं? — आणि डोक्यावर ती लाईन थांबल्याची धून अजून वाजतच होती, बालवाडीत लावतात तसली गोड धून, कारण दोरी एकदा ओढली की ती पुन्हा ओढून बंद करावी लागते हे इतका वेळ कुणालाच सुचलं नव्हतं.

लाईन थांबवायची दोरी त्यानेच ओढली होती. पण उशिरा. हात केव्हाच दोरीवर जाऊन बसला होता, आणि तो बघत होता. तोनने — सव्वीस वर्षांचा, सडपातळ, ज्याच्या हातून एकही बोल्ट सैल सुटत नाही असा तोन — बोल्ट आवळायचा हातभर लांबीचा टॉर्क रेंच खांद्यामागून फिरवून आणला आणि प्रसितच्या तोंडावर मारला. नागोयाच्या या कारखान्यात इतकी वर्षं काढल्यावर श्रीहरीला नुसत्या आवाजावरून कुठला पार्ट पडला ते कळतं; हा आवाज ओळखीचा नव्हता. आधी सुका, मग ओला. प्रसित पडला नाही. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, रोज सकाळी प्रत्येकाला वाकून नमस्कार करणारा प्रसित रक्ताची गुळणी टाकत पुढे आला, त्याने तोनचे केस धरले आणि त्याचं कपाळ यंत्राच्या लोखंडी कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि मग लाईनवरचे बाकीचे थाई कामगार धावले ते सोडवायला नव्हे. दोन टोळ्या पडल्या. कुणी कुठल्या बाजूला उभं राहायचं ते जणू कधीचंच ठरलेलं होतं. डोक्यावरची हेल्मेटं काढून ते त्यांनीच एकमेकांना हाणत होते. पोटात बूट जात होते, पोलादी टोकांचे, कंपनीने सुरक्षिततेसाठी दिलेले. आणि दोरीवर हात ठेवून उभ्या असलेल्या श्रीहरीच्या मनात एक शब्द आला होता — अजून.

अजून एक. अजून एक बसू दे. कुणाला, ते त्याला ठाऊक नव्हतं. हे तो कुणाला सांगणार नव्हता, बायकोला, उल्कालासुद्धा नाही.

प्रसितला इस्पितळात नेलं. तोनला प्रथमोपचाराच्या खोलीत बसवलं होतं. कपाळावर कापसाचा बोळा, त्यातून रक्त पाझरून भुवईत जिरत होतं. कारखान्यातल्या सगळ्या परदेशी माणसांची प्रकरणं शेवटी श्रीहरीच्या गळ्यात येत, कारण तो स्वतः परदेशी, आणि जपानी बोलणारा. थाई येत नसली म्हणून काय झालं.

“मी एवढंच विचारलं त्याला,” तोन मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाला. “तो म्हणाला, बोल्ट सगळे परत आवळ. मी म्हटलं, मला हुकूम सोडायला तुला कुणी निवडलं?”

“मग?”

“हसला. म्हणाला, तुम्ही ईसानचे, ईशान्येकडच्या खेड्यांतले लोक रेडे. रेड्यांना मतं दिली तर ते गवत दाखवील त्याच्यामागे जाणार. म्हणून शहाण्यांना ठरवावं लागतं. तिकडे पण, इथे पण.” तोनने बोळा काढून बघितला आणि पुन्हा दाबला. “माझा बाप बँकॉकला गेला होता, श्री-सान, मी दहा वर्षांचा असताना. लाल शर्ट घालून. निवडणूक घ्या, एवढंच म्हणायला. खांद्यात गोळी घेऊन आला. अजून त्याचा हात वर होत नाही. आणि हा प्रसित त्याच्या आधी पिवळा शर्ट घालून, निवडून आलेलं सरकार पाडायला विमानतळ अडवून बसला होता, तर त्याला लोक जेवण आणून देत होते.”

श्रीहरीने कापसाचा नवा बोळा करून त्याच्यापुढे धरला.

“गेल्या वेळी मी इथून पोस्टाने मत पाठवलं. आमचा पक्ष पहिला आला. लष्कराने नेमलेले खासदार, ज्यांना कुणीच निवडलं नव्हतं, त्यांनी सरकार होऊ दिलं नाही. मग कोर्टाने पक्षच बरखास्त केला. मी रागात काहीबाही लिहिलं फेसबुकवर. पोलीस आईकडे येऊन गेलेत, दोनदा. मी परत गेलो तर विमानतळावरच…” त्याने दोन्ही मनगटं जवळ आणून दाखवली. “मला परत पाठवू देऊ नका. बाकी काहीही शिक्षा करा.”

“बघतो,” श्रीहरी म्हणाला. हे ‘बघतो’ अस्सल पुणेरी होतं. जपानीत बोललं तरी त्याचा अर्थ बदलत नव्हता.

दुपारच्या बैठकीला वेळ होता. तो कॉरिडॉरमधल्या कॉफीच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला, आणि नेमकं इथेच यायला नको होतं हे त्याच्या लक्षात आलं. इथेच झालं होतं ते. गेल्या महिन्यात थाई लाईनसाठी एक म्होरक्या नेमायचा ठरला, तेव्हा श्रीहरीनेच मोठ्या ऐटीत सुचवलं होतं, मत घेऊ या, चिठ्ठ्या टाकून. आमच्याकडे असंच असतं, असंही वर म्हणाला होता. बोल्टच्या रिकाम्या खोक्याला भोक पाडलं, जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी रांगेने येऊन चिठ्ठ्या टाकल्या, आणि काय तो उत्साह! भाताचे डबे बाजूला ठेवून माणसं हातावर टाळ्या देत होती. तोन निवडून आला. चांगला दणदणीत आला. टाळ्या वाजवताना श्रीहरीच्या पोटात मात्र एक बारीकसा खडा टोचला होता — या पोराला? मानेवर गोंदवलेलं, बोलायला फटकळ… यांना कळायला नको?

यांना. हा शब्द बाबांचा. कोथरूडच्या घरात दर मतदानाच्या दिवशी बाबा शाईचं बोट नाचवत जेवायला बसत आणि म्हणत, मी बँकेत अधिकारी, माझं एक मत. आणि ज्याला सही येत नाही त्याचंही एकच? शिकलेल्यांना दोन द्यायला हवीत. यांना काय कळतंय! आणि वाढलेल्या ताटावर मान खाली घालून श्रीहरी हो म्हणायचा. वादात कोण पडणार म्हणून नव्हे. खरंच पटायचं म्हणून.

मग दोन दिवसांनी विभागप्रमुख मोरिता-सान इथे, याच मशीनपाशी भेटले. त्याला एक गरम कॉफीचा कॅन काढून दिला. फार मृदू माणूस. “श्री-सान, वयाचाही विचार करायला हवा, नाही का? प्रसित-सान शांत आहेत. मी सगळ्यांशी आधीच बोलून ठेवलंय.” सगळ्यांशी म्हणजे थाई सोडून सगळ्यांशी. कॅन हाताला इतकी छान ऊब देत होता… आणि श्रीहरी म्हणाला, “खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.” हे वाक्य कुणी त्याच्याकडून वदवून घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लाईनसमोर उभं राहून त्यानेच जाहीर केलं, की सर्वांच्या विचाराने प्रसित-सान यांची नेमणूक झाली आहे. कुणी तोंडातून ब्र काढला नाही. प्रसितने सगळ्यांना आईस्क्रीम दिलं. तोननेही खाल्लं.

आता कॉफीच्या मशीनच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला आणि उजवा हात खांद्यापासून आपोआप ताणला गेला. सकाळपासून हे चाललं होतं. तो रेंच मनात पुनःपुन्हा फिरत होता — खांद्यामागून, वरून, खाली — आणि दर वेळी समोरचं तोंड वेगळं. प्रसित. मग मोरिता-सान, त्यांचे ते नीट बसवलेले दात. मग बाबा, शाईचं बोट वर धरलेले… सुका, ओला. मला हे आवडतंय. मी असा नाही. मी कधी कुणावर हात उगारलेला नाही, मुलालासुद्धा चापट मारली नाही. आणि मला हे आवडतंय. त्याने नाण्याच्या फटीत बोट खुपसून दाबलं, नखाखाली दुखेपर्यंत, आणि बैठकीला गेला.

बैठक म्हणजे त्याच्या हातचा मळ. काहीही बिघडलं की फळ्यासमोर उभं राहून पाच वेळा ‘नाझे’ विचारायचं, म्हणजे ‘का’. बोल्ट सैल का? कारण रेंच चुकीचा. रेंच चुकीचा का?… असं खाली खाली जायचं. नव्या माणसांना श्रीहरीच शिकवायचा हे, आणि शिकवताना एक गोष्ट बजावायचा, की उत्तर एखाद्या माणसाच्या स्वभावावर येऊन थांबलं तर समजा, तुम्ही कामचोरपणा केलात. त्याच्याखाली आपलीच काहीतरी व्यवस्था सापडेल, तिथवर खणा.

“तर,” मोरिता-सान हळुवारपणे म्हणाले, “का मारलं?”

श्रीहरीने फळ्यावर लिहिलं: अपमान झाला म्हणून. अपमान का झाला? राजकारणावरून बोलाचाली झाली. मार्कर फळ्यावर कुरकुरत होता. राजकारणावरून का?

तिथे पाच-सहा माणसं बसली होती आणि सगळ्यांना घरी जायचं होतं. पुढचं उत्तर त्याच्या घशात तयार होतं, सोपं, एका ओळीचं: कारण त्यांनी मत दिलं आणि आपण ते फेकून दिलं. एवढं लिहिलं असतं तर चूक तोनच्या डोक्यावरून उतरून या टेबलावर येऊन पडली असती, आणि टेबलावर पडलेल्या चुकीसाठी माणसाला विमानात बसवून देता येत नाही. हे श्रीहरीला माहीत होतं, आणि मोरिता-सानना माहीत होतं की त्याला माहीत आहे. ते त्याच्याकडे बघत होते. अगदी प्रेमाने बघत होते. आणि रेंच पुन्हा उठला, खांद्यामागून, वरून… या वेळी तो मोरिता-सानच्या टाळूत रुतला, फळा फुटला, टेबल उलटलं, कुणाच्या तरी मानेत मार्कर घुसला आणि तो घुसवत राहिला, घुसवत राहिला…

त्याने लिहिलं: त्यांच्या देशातली परिस्थिती.

खोलीने श्वास सोडला. कुणीतरी ‘नारुहोदो’ म्हणालं, असं आहे होय, अशा सुरात. उपाय ठरले: कामाच्या जागी राजकारणावर बोलायला बंदी. प्रसित-सानना इस्पितळात फळं पाठवायची. पोलिसांत जायचं नाही, बभ्रा नको. तोन-सानचा करार इथेच संपवायचा आणि रविवारच्या विमानाने रवानगी. “श्री-सान, तुमच्यामुळे सोपं झालं,” मोरिता-सान म्हणाले आणि वाकले. तोही वाकला. वाकता वाकता त्याने फळ्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

बाहेर फाटकापाशी वसतिगृहाची गाडी उभी होती. तोन गाडीत बसता बसता थांबला होता. कपाळावर पट्टी, बॅग छातीशी. त्याला कळलं होतं. श्रीहरीने वाट बदलायला हवी होती, सायकली ठेवायच्या जागेकडून निघून जाता आलं असतं, पण पाय सरळ त्याच्यापाशीच गेले. आता मारेल, असं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे काय, त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. मार. मार बाबा एकदाचा, तोंडावर मार, पडू देत दात… दिवसभराचं हे ओझं तरी उतरेल.

तोन कमरेत वाकला. खूप खाली, बराच वेळ.

“तुम्ही आमचं मत घेतलंत,” तो म्हणाला. “आजवर कुठल्याच कारखान्यात कुणी घेतलं नव्हतं. मग वरच्यांनी ते फिरवलं, त्याला तुम्ही काय करणार? तुम्ही आमच्यासाठी भांडला असाल, मला ठाऊक आहे. मी आईला सांगितलंय, एक भारतीय साहेब आहेत, त्यांनी खोकं आणून ठेवलं.”

“तोन-सान…” श्रीहरीने खिशातला चष्मा काढून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“रविवारी तुम्ही विमानतळावर याल का? एकट्याने जायची भीती वाटते.”

तो वर बघत होता. सुजलेला डोळा, फुटलेला ओठ, आणि त्या सगळ्या रक्तमांसात एक उघडा, स्वच्छ विश्वास… आणि श्रीहरीला वाटलं, याला मारावं. याच तोंडावर, आत्ता, हाताने, ते मिटेपर्यंत. प्रसितने कपाळ आपटलं तसं आपटावं आणि थांबू नये. दिवसभर जो राग प्रसितवर, मोरिता-सानवर, बाबांवर, स्वतःवर धावून जात होता तो किती सहज वळला, किती मोकळा झाला. या माणसाचं त्याने काय घेतलं होतं ते या माणसाला कधी कळता कामा नये. आणि ते न कळण्याची एकच वाट होती. तो जायला हवा. रविवारी कशाला, उद्याच. तिकडे विमानतळावर जे कोण उभे असतील त्यांनी त्याला धरून न्यावं, दार लावून घ्यावं, आणि त्याचं हे बघणं पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ देऊ नये.

“येईन,” श्रीहरी म्हणाला. “अगदी वेळेवर येईन.”

तोन पुन्हा वाकला. गाडी गेली. श्रीहरी तिथेच उभा होता, आणि उद्याच्या विमानात जागा मिळेल का, हे मोरिता-सानना कसं सुचवावं याचा विचार करत होता.